पाया, शोषचर आणि परसबाग: एका जागेच्या मातीच्या नोंदी

जागा ३० मीटर बाय २० मीटर. उतार उत्तरेकडून दक्षिणेकडे, दोन टोकांत सुमारे ९० सेंमीचा फरक. पश्चिमेला घर, दक्षिणेच्या सखल कोपऱ्यात सांडपाणी जमिनीत मुरवायचा शोषखड्डा, उरलेल्या जागेत परसबाग असा कागदावरचा आराखडा. माती बघितल्यावर त्यातलं फक्त घर जागेवर राहिलं. अशीच जागा हाताळणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून नोंदी तारखेनुसार ठेवल्या आहेत, फसलेल्या चाचण्यांसकट.

४ एप्रिल

खोदण्याआधी जमिनीखालून गेलेल्या तारा आणि नळ कुठे आहेत ते विचारून चुन्याने आखून घेतलं. मग पायी फेरी. भेगांची रुंदी टेपने मोजली: मध्यावर २ ते ३ सेंमी, लोखंडी सळई सहज ४० सेंमी आत जाते. एवढ्या भेगा म्हणजे माती फुगणारी आणि आकसणारी. घराच्या आखलेल्या जागेच्या आग्नेय कोपऱ्यात भेगा नाहीत, गवतही वेगळं आणि जमीन किंचित उंच. तिथे भराव असण्याची शक्यता धरून एक खड्डा त्या कोपऱ्यासाठी राखून ठेवला.

६ एप्रिल

हाताच्या ऑगरने, म्हणजे जमिनीत भोक पाडायच्या गिरमिटाने, ७५ मिमीच्या, सुरुवात. मातीत चांगला चालतो, मुरूम लागला की अडकतो. वायव्येला ६० सेंमीवर खणखणीत आवाज आला आणि ऑगर पुढे जाईना. ‘खडक लागला’ असं लिहून मोकळं होणं इथे फार सोपं असतं. एक मीटर बाजूला दुसरं भोक घेतलं, तिथे १७० सेंमीपर्यंत अडथळा नाही. म्हणजे तो सुटा धोंडा होता. अडथळा लागल्यावर निदान दोन बाजूंना भोक घेतल्याशिवाय खडकाची खोली लिहू नये.

७ ते ९ एप्रिल

चार चाचणी खड्डे. तोंड १.२ मीटर बाय ०.९ मीटर, खोली दीड ते सव्वादोन मीटर. जेसीबीने काढले. काढलेली माती कडेपासून एक मीटर लांब टाकायला लावली. १.२ मीटरपेक्षा खोल खड्ड्यात कडांना आधार दिल्याशिवाय किंवा त्या उतरत्या केल्याशिवाय कोणी उतरायचं नाही. भेगाळलेली चिकणमाती सूचना न देता अख्ख्या पाट्याने सुटते. खोल भागातले नमुने बकेटमधूनच घेतले.

जेसीबीची बकेट भिंत लिंपून टाकते आणि सगळे थर एकसारखे दिसतात. खुरप्याने भिंतीचा ५ सेंमी पापुद्रा काढला तेव्हा खरे थर दिसले. खोली जमिनीपासून, सेंमीमध्ये:

ख१, वायव्य, घराखाली: २५ पर्यंत काळसर पोयटा. ११० पर्यंत काळी चिकणमाती, ढेकळांच्या आतल्या बाजू घासून चकचकीत झालेल्या. १७० पर्यंत पिवळसर चिकणमाती, चुनखडीचे खडे. पुढे मुरूम.

ख२, आग्नेय, घराचाच कोपरा: ७० पर्यंत भराव. विटांचे तुकडे, प्लॅस्टिक, मधोमध कुजलेलं लाकूड. त्याखाली काळी. मुरूम २१० वर.

ख३, दक्षिण, ठरलेला शोषखड्डा: ३० पर्यंत पोयटा, ८० पर्यंत काळी, त्याखाली राखाडी माती आणि तिच्यात गंजाच्या रंगाचे ठिपके.

ख४, ईशान्य, चढावर: ३५ पर्यंत पोयटा, ९० पर्यंत वाळूमिश्रित तांबूस माती, पुढे भुसभुशीत मुरूम.

ख३ मधले ठिपके नीट बघण्यासारखे आहेत. ढेकूळ फोडलं की आत राखाडी, आणि मुळांच्या जुन्या वाटांभोवती नारिंगी कडी. पाणी भरलेल्या मातीत हवा नसते, लोह विरघळतं आणि माती राखाडी पडते. पाणी उतरलं की जिथून हवा शिरते तिथे तेच लोह गंजून बसतं. एप्रिलमध्ये हा खड्डा तळापर्यंत कोरडा होता, पण ठिपके ८० सेंमीपासून सुरू होतात. वर्षातला काही काळ पाणी तिथपर्यंत चढतं याचा हा पुरावा.

१० एप्रिल

हाताने पट्टी काढण्याची चाचणी. कणीक मळतात तशी माती पाणी शिंपडत मळायची, अंगठा आणि तर्जनीमधून पट्टी पुढे सरकवायची, आपल्याच वजनाने तुटेपर्यंत. अडीच सेंमीच्या आत तुटली तर पोयट्याच्या जातीची, अडीच ते पाच म्हणजे मध्यम चिकण, पाचच्या पुढे चिकणमाती. ख१ ची काळी माती ७ सेंमी गेली. ख४ ची तांबूस जेमतेम ३. मळायला निदान दोन मिनिटं द्यावीत. कोरड्या चिकणमातीचे बारीक गोळे फुटले नाहीत तर ते वाळूसारखे लागतात आणि उत्तर चुकतं.

बरणीची चाचणीही लावली. २ मिमी चाळणीतून गाळलेली माती एक तृतीयांश बरणी, वर पाणी, पाच मिनिटं हलवणं. पहिल्या मिनिटात बसते ती वाळू, दोन तासांपर्यंत बसतो तो गाळ, नंतर चिकण कण.

१२ एप्रिल

बरणीचा निकाल टाकून दिला. कण सुटे करणारं काही घातलं नव्हतं, त्यामुळे चिकण कणांचे पुंजके झाले आणि ते गाळाबरोबर बसले. काळ्या मातीत निम्म्याहून जास्त गाळ दिसत होता, ७ सेंमीच्या पट्टीशी ते जुळेना. प्रत्येक बरणीत चिमूटभर सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट घालून पुन्हा लावलं. ते नसेल तर फेस न करणारी भांड्याच्या मशीनची पावडर चालते.

१५ एप्रिल

ख४, ४५ सेंमी खोलीचा नमुना: एकूण थर १२ सेंमी, वाळू ६.५, गाळ ३, चिकण २.५. म्हणजे साधारण ५४, २५ आणि २१ टक्के. पट्टीशी जुळतं. काळ्या मातीचं पाणी तीन दिवसांनंतरही गढूळच. बरणी प्रमाण दाखवते, पण फुगलेले चिकण कण जास्त जागा घेतात म्हणून आकडा अंदाजीच धरायचा. पायाच्या हिशोबासाठी तो कामाचा नाही.

१६ एप्रिल

फुगण्याची चाचणी. नमुना भट्टीत १०५ अंशांवर पूर्ण वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढला. १०० मिलीच्या दोन मोजनळ्यांत १०-१० ग्रॅम माती, एकीत ऊर्ध्वपातित पाणी, दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे तो आकडा तुलनेचा पाया. काचेच्या काडीने हवेचे बुडबुडे काढले आणि २४ तास ठेवलं.

१७ एप्रिल

काळी, ६० सेंमी: रॉकेलमध्ये १०, पाण्यात १८ मिली, म्हणजे ८० टक्के. पिवळसर, १३० सेंमी: १० आणि १४, ४० टक्के. मुरुमातला बारीक भाग: १० आणि ११. पन्नासच्या वर गेलं की माती अतिशय फुगणारी समजतात. घराचा पाया काळ्यात थांबवायचा प्रश्नच मिटला.

२० एप्रिल

ख३ शेजारी पाणी मुरण्याची चाचणी, सखल कोपरा पास होतो का ते पाहायला. ३० सेंमी व्यासाचं भोक, तळ ९० सेंमीवर. पाणी ओतलं आणि लगेच मोजलं: २.५ सेंमी उतरायला ४ मिनिटं.

हा आकडा घेऊन कोणीही खूश होईल, पण तो मातीचा नसून भेगांचा आहे. पाणी मातीत मुरलं नाही, भेगांमधून बाजूला पळालं. कोरड्या हंगामात, आधी न भिजवता केलेल्या चाचणीत चिकण जमीन हमखास पास होते, आणि पहिल्याच ओल्या हंगामात शोषखड्ड्यातलं पाणी वर येतं.

२१ ते २३ एप्रिल

त्याच भोकावर रीतसर चाचणी. भिंती खिळे ठोकलेल्या पट्टीने खरवडल्या, कारण फावड्याने लिंपलेली भिंत पाणी अडवते. सुटी माती काढली, तळाला ५ सेंमी बारीक खडी टाकली. ३० सेंमी पाणी सतत भरून ठेवत पहिला दिवस आणि रात्र. दुसऱ्या दिवशी भोकाभोवतीच्या भेगा मिटायला लागल्या होत्या, म्हणून आणखी एक रात्र भिजवलं.

मोजणी: खडीच्या वर १५ सेंमी पाणी, दर ३० मिनिटांनी उतार मोजायचा, पुन्हा १५ पर्यंत भरायचं, असं चार तास. शेवटच्या अर्ध्या तासाचा उतारच धरायचा. तो आला ०.८ सेंमी. म्हणजे २.५ सेंमीला ९४ मिनिटं. साधारण ६० मिनिटांच्या पुढे साध्या शोषपद्धतीचा विचार सोडून देतात. सखल कोपरा बाद.

मोजायला टेप पाण्यात बुडवू नये, ओला टेप वाचताना दोन-तीन मिमी सहज चुकतात. भोकावर आडवी सरळ पट्टी ठेवून तिच्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजलं.

२५ ते २७ एप्रिल

ख४ च्या बाजूला दोन खोलींवर तीच चाचणी.

१३० सेंमीवर, निव्वळ मुरुमात: भिजवल्यानंतरही २.५ सेंमी उतरायला एका मिनिटाहून कमी. हेही नापास. मुरुमाच्या फटींतून सांडपाणी न गाळता खाली उतरतं आणि थेट भूजलात जातं. जंतू अडवण्याचं काम बारीक कणांची, हवा असलेली माती करते, आणि त्यासाठी पाणी तिच्यातून सावकाश जावं लागतं. ‘मुरूम लागेपर्यंत खणा, पाणी तुंबणार नाही’ हा सल्ला जागोजागी मिळतो. पाणी तुंबत नाही हे खरं, ते विहिरीत दिसतं.

६० सेंमीवर, तांबूस मातीत, तीन भोकं: शेवटच्या अर्ध्या तासात ५.४, ४.७ आणि ३.६ सेंमी. म्हणजे २.५ सेंमीला १४, १६ आणि २१ मिनिटं. हिशोबाला २१ धरले, सरासरी नाही.

खोल खड्ड्याऐवजी आता उथळ शोषचर, म्हणजे सांडपाणी मुरवायचे लांबट चर. पाच माणसांचे दिवसाला ६०० लिटर धरले. चौरस मीटरला रोज किती लिटर सोडता येईल यासाठी २०४ भागिले मिनिटांचं वर्गमूळ हे जुनं सूत्र. २१ चं वर्गमूळ ४.५८, म्हणजे ४४.५ लिटर. ६०० भागिले ४४.५, साडेतेरा चौरस मीटर तळ. ६० सेंमी रुंदीच्या चराला साडेबावीस मीटर लांबी. दोन चर, प्रत्येकी १२ मीटर, उताराला आडवे, मध्यापासून मध्यापर्यंत २ मीटर. तेवढीच जागा शेजारी राखीव. स्वच्छ पाण्याने केलेली चाचणी आणि वर्षानुवर्षं सांडपाणी यांत फरक असतो: चराच्या तळाशी जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो आणि मुरण्याचा वेग घटतो. म्हणून राखीव जागा हवीच. जिथे स्थानिक नियमांचं कोष्टक आहे तिथे सूत्र बाजूला ठेवून कोष्टकच वापरावं.

२८ एप्रिल

ईशान्येची पट्टी खुंट्या मारून दोरीने बंद. बांधकामाच्या गाड्या, विटांचे ढीग, पाण्याची टाकी, काहीही तिथे येणार नाही. भरलेल्या ट्रकच्या एका फेरीने दबलेली ओली माती चाचणीच्या वेगाने पाणी घेत नाही. चाचणी पास झालेल्या जागा सगळ्यात जास्त इथेच बिघडतात.

४ मे

पाणीपातळी मोजायला दोन निरीक्षण नळ्या. ५० मिमी पीव्हीसी, खालच्या ६० सेंमीत करवतीने आडव्या चिरा, भोवती बारीक खडी, वर टोपण. ख३ जवळ १.८ मीटर खोल, ख४ जवळ २.५ मीटर.

११ मे

भूतांत्रिक तपासणी, घराच्या दोन कोपऱ्यांत बोअर. घरच्या चाचण्यांनी जागा कुठे ठेवायची ते कळतं, पायाचा भार ठरवायला हे लागतंच. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमीवरून सोडून नळी जमिनीत ठोकतात, ती पहिले १५ सेंमी आत गेली की पुढच्या ३० सेंमीचे ठोके मोजतात. काळ्यात, दीड मीटरवर ९. मुरुमात ५० च्या वर, तिथे थांबवलं. काळ्या मातीचा आकडा कोरड्या दिवसांतला आहे. तीच माती भिजल्यावर बरीच मऊ होते, अहवालात बोअरच्या दिवशीची ओल लिहून घ्यावी. सल्फेट आणि क्लोराइडची तपासणी मागून घेतली, कारण सिमेंटचा प्रकार त्यावर ठरतो आणि मागितल्याशिवाय ती बहुतेक वेळा यादीत नसते.

२० मे

अभियंत्यांचा निर्णय: सगळ्या स्तंभांचे पाये मुरुमात १५ सेंमी रुतवायचे. वायव्येला खोली १.८५ मीटर, आग्नेयेला २.२५. एका कोपऱ्याचा पाया भरावावर आणि बाकीचा पक्क्यावर ठेवला असता तर भिंतीला तिरकी भेग ठरलेलीच. जोत्याच्या तुळईखाली ८ सेंमी पोकळी, म्हणजे माती फुगली तरी तुळई उचलणार नाही.

सुरुवातीचं अंदाजपत्रक १ मीटर खोलीचं होतं. खोदाई जवळपास दुप्पट झाली, काँक्रीट त्या मानाने थोडंच वाढलं. खड्डे आधी घेतले नसते तर ही वाढ मजूर जागेवर उभे असताना कळली असती.

२ जून

वरचा २५ सेंमी पोयटा घराच्या जागेवरून काढून वेगळा रचला, ढीग एक मीटरच्या आत उंच. त्याहून उंच ढिगात आतल्या मातीला हवा मिळत नाही. पायाची पिवळी आणि काळी माती दुसरीकडे. दोन्ही एकत्र झाल्या की बाग संपली.

१४ जून

पायाचे दोन खड्डे उघडे असतानाच पाऊस आला. मुरुमाचा वरचा थर चिखल झाला. पाणी उपसून त्यावर थेट बेड, म्हणजे पायाखालचा काँक्रीटचा थर, टाकण्याचा आग्रह झाला. ८ ते १० सेंमी मऊ थर खरवडून काढला आणि तेवढी खोली साध्या काँक्रीटने भरली. पुढच्या खड्ड्यांत तळाची शेवटची १५ सेंमी खोदाई राखून ठेवली आणि बेड टाकायच्या दिवशीच काढली.

५ जुलै

ख३ च्या नळीत पाणी ३५ सेंमीवर. शेजारी ऑगरने घेतलेल्या ताज्या भोकात मात्र दुसऱ्या दिवशीही ८५ सेंमी. नळीच्या बाहेरच्या बाजूने पावसाचं पाणी सरळ खाली उतरत होतं, बाहेरचं तोंड बंदच केलेलं नव्हतं. दोन्ही नळ्यांभोवती वरचे ३० सेंमी उकरून मळलेली चिकणमाती ठासली, वर उतरता ओटा केला. आधीची सगळी मापं खोडली.

१८ ऑगस्ट

नळ्यांची सगळ्यात वरची पातळी: ख३ जवळ ८२ सेंमी, एप्रिलमध्ये दिसलेले ठिपके ८० वर. ख४ जवळ २०५. चराचा तळ ६० वर असल्याने मध्ये १४५ सेंमी कोरडी माती राहते. काही ठिकाणी नियम १.२ मीटर मागतात, काही ठिकाणी २. दोन मीटरचा नियम असेल तिथे ही जागा नुसत्या चराने पास होणार नाही, वर वाळूचा उंचवटा करावा लागेल.

३ सप्टेंबर

बागेकडे. पोयट्याच्या ढिगाचा आणि सखल भागाचा नमुना वेगळा. इंग्रजी व्ही आकाराचा १५ सेंमी खड्डा, कडेचा दोन सेंमीचा काप, अशा १२ जागा नागमोडी फिरून. मिसळून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. बांध, खताची जागा आणि झाडाचा बुंधा टाळला. जस्ताची तपासणी असेल तर जस्ताचा मुलामा असलेली बादली वापरू नये.

सखल भागातलं वाटाण्याएवढं ढेकूळ विहिरीच्या पाण्यात टाकलं. नुसतं फुटलं, पाणी स्वच्छ. पुन्हा ऊर्ध्वपातित पाण्यात टाकलं तेव्हा अर्ध्या तासात त्याभोवती दुधाळ वलय उभं राहिलं. विहिरीच्या पाण्यातले क्षार कणांना धरून ठेवतात आणि सोडियमचा दोष लपतो. ही चाचणी ऊर्ध्वपातित किंवा स्वच्छ धरलेल्या पावसाच्या पाण्यातच करावी.

१९ सप्टेंबर

प्रयोगशाळेचा निकाल. पोयटा: सामू ७.९, क्षारता कमी, सेंद्रिय कर्ब मध्यम. सखल भाग: सामू ८.७, विनिमययोग्य सोडियम १७ टक्के. पंधराच्या वर म्हणजे चोपणाकडे, सोडियमने बिघडलेल्या जमिनीकडे, झुकलेली. जिप्सम फक्त सखल भागाला, अहवालाप्रमाणे चौरस मीटरला अर्धा किलो, वरच्या १५ सेंमीत मिसळून. पोयट्याला जिप्समचा काही उपयोग नाही, तिथे कंपोस्ट पुरेल. जिप्समने सुटलेलं सोडियम पाण्याबरोबर बाहेर गेलं पाहिजे, म्हणून आधी दक्षिण कडेला ५० सेंमी खोल निचऱ्याची चारी काढली. चारीशिवाय जिप्सम टाकलं की ते क्षार तिथेच फिरत राहतात.

२६ सप्टेंबर

जोत्याच्या आत काळी माती ६० सेंमी काढून न फुगणारा मुरूम, १५ सेंमीच्या थरांत, प्रत्येक थर पाणी मारून दाबून. एका भागात वाळू भरायला सुरुवात झाली होती, ती काढायला लावली. चिकणमातीच्या पोटातली वाळू म्हणजे पाणी साठवायची टाकी, आणि तेच पाणी भोवतालची माती फुगवतं. घराभोवती १.५ मीटर रुंद उतरतं फरसबंद, पन्हळीचं पाणी त्याच्याही पलीकडे.

भाज्यांचे वाफे दक्षिणेला, पोयटा भरून ३० सेंमी उंच. शोषचरांवर फक्त गवत.